वरच्या दुधावरची कोकरं

सोयाबीन निघालं की इंदूरजवळ आमच्या खंडवा रोडवर, सिमरोलच्या आसपास, रेबारी मेंढपाळांचे एवड, म्हणजे मेंढ्यांचे कळप, दिसायला लागतात. लाल पागोटेवाले दोघं पुढे, मागे शेकडो मेंढ्या, आणि सगळ्यात शेवटी उंटांवर खाटा, भांडी, गोधड्या, आणि त्या गोधड्यांमधून डोकी बाहेर काढलेली दोन-चार दिवसांची कोकरं. राजस्थानातल्या पाली, जालोर, सिरोही असल्या भागांतून ही माणसं पावसाळा संपता संपता निघतात, तिकडे चारा उरलेला नसतो, मग चरत चरत माळव्यात येतात, आणि पुढचा पाऊस पडायच्या बेताने परत फिरतात. आमच्याकडचे शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवून घेतात, रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर रोख पैसे देतात. काळ्या जमिनीला ते खत काय मानवतं ते ज्याने गहू घेऊन बघितलाय त्यालाच कळेल.

तर ह्या एवडांमागून आमच्या शेतावर कोकरं येतात. विकत म्हणून नाही, सोडलेली. म्हणजे एखादी मेंढी जुळं देते आणि तिला दोघांपुरतं दूध नसतं, किंवा कासेला सूज आलेली असते, किंवा विताना मेंढीच जाते, आणि डेऱ्याला, म्हणजे त्यांच्या तांड्याला, तर रोज पुढचं गाव गाठायचं असतं. रेबारी आधी सगळे उपाय करून बघतात, नुकतीच व्यालेली दुसरी मेंढी धरून तिच्या वारेचं पाणी ह्या पोरक्या कोकराला चोळतात, कारण मेंढी आपलं पिल्लू वासावरून ओळखते आणि ती ओळख पहिल्या काही तासांतच पक्की होते. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ओळखीच्या शेतावर ठेवून जातात. हे लोक निर्दयी आहेत, पिल्लं टाकून जातात, असं आमच्याच ओळखीतली शिकलेली माणसं म्हणतात तेव्हा मला फार लागतं. उंटावर उपाशी मरू देण्यापेक्षा ज्याच्याकडे म्हैस आहे त्याच्या दारात ठेवणं ह्यात निर्दयपणा कुठला?

आणि आपण इंदूरची मराठी माणसं राजवाड्यासमोर उभं राहून मल्हाररावांचं नाव घेतो, ते तळोद्याला मामाकडे मेंढरं राखत मोठे झाले असं अभिमानाने सांगतो, मग रस्त्यात मेंढ्या आल्या की पाच मिनिटं गाडी बंद करून थांबायला आपल्याला काय होतं? असो, हे वेगळंच चाललंय, कोकरांवर येते.

गेली काही वर्षं मी, आमच्या सासूबाई आणि शेतावरच्या काकी मिळून ही कोकरं वाढवतोय. नवरा मदत करतो पण त्याची नोकरी पीथमपूरला, त्यामुळे त्याच्या वाटणीला रात्रीचं दूध. आमच्या स्वतःच्या थोड्याच मेंढ्या आहेत, दोन शेळ्या, एक म्हैस. बरेच जण विचारतात की कोकरू मिळालंय, काय पाजू, किती पाजू, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. पण खरं सांगायचं तर मला लिहायचंय ते दुधाच्या पलीकडचं. दूध कुणीही पाजेल, आठवड्यात हात बसतो. कष्टाचं काम आहे ते त्या कोकराची पुढे मेंढी करणं, आणि तिथेच बहुतेक घरांतलं प्रेम आडवं येतं.

आधी दूधच सांगते कारण तिथे चुकलं तर पुढचं काही उरतच नाही.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच ती मिळते, मेंढीच्या वारेतून ती पिल्लापर्यंत जात नाही, सगळी चिकातून मिळते. आणि चिकातले ते घटक आतड्यातून जसेच्या तसे रक्तात जायची वाट फक्त पहिले काही तास उघडी असते, पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगली, मग कमी कमी होत २४ तासांनी बंदच. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच की चीक प्यालंय का. रेबारी बहुतेक वेळा पाजूनच देतात, त्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही, पण विताना मेंढी गेली असेल तर प्रश्नच येतो. अंदाज असा धरा की किलोमागे ५० मिली पहिल्याच वेळी, आणि पहिल्या दिवसभरात किलोमागे २०० मिलीपर्यंत. म्हणजे तीन किलोचं कोकरू असेल तर एका वेळी १५० मिली आणि दिवसभरात मिळून ६०० मिली.

मेंढीचा चीक मिळणं कठीण, म्हणून मी गावातल्या गाई-म्हशी व्याल्या की चीक मागून आणते आणि छोट्या छोट्या पिशव्यांत फ्रीजरमध्ये ठेवते. शेळीचा मिळाला तर फारच उत्तम. गाईचा असेल तर दोन-तीन गाईंचा एकत्र करते, कारण एखाद्या गाईच्या चिकाने कोकराच्या रक्तातल्या लाल पेशी कमी व्हायचा धोका असतो, क्वचितच होतं तसं पण एकत्र केल्याने तो धोका उतरतो. आता गंमत बघा, चीक म्हटलं की आपल्या मराठी घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरवस येतो, आमच्याकडे तर जाऊबाईंचा फोन येतोच, चीक आलाय म्हणे, वेलची घालून ठेव. पण खरवस ज्यांच्यामुळे घट्ट होतो ती प्रथिनंच कोकराला हवी असतात, आणि तापवलं की ती गोठून बाद होतात. म्हणून पिशवी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून हळूहळू वितळवायची, हाताला सोसेल इतकंच पाणी, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. जाऊबाईंना मी आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा देते, पहिल्या दिवसाचा कोकरांचा.

चीक पाजायच्या आधी एक गोष्ट बघायची आणि ही गोष्ट मी सगळ्यांना दोनदा सांगते. कोकराच्या तोंडात बोट घालायचं. गरम लागलं आणि ते बोट लुचायला लागलं तर ठीक. तोंड गार लागलं तर बाटली खाली ठेवायची. माळव्यातली डिसेंबर-जानेवारीची थंडी उघड्या शेतावर फार असते, ओलं कोकरू तासाभरात गारठतं. कोकराचं नेहमीचं तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइटच्या मधे असतं, साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून बघता येतं, ९९ च्या खाली गेलं असेल तर ते गंभीर. गारठलेल्या कोकराचं पोट काम करत नाही, गिळायचं बळ नसतं, दूध छातीत जातं आणि मग न्यूमोनिया. म्हणून आधी गोणपाटाने खसखसून कोरडं करायचं, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही कुशींना लावायच्या, आणि मान धरायला लागलं की मगच पाजायचं. त्यातही कोकरू जन्मून पाच-सहा तास होऊन गेले असतील, पोटात काही नसेल आणि पार गळून गेलं असेल तर नुसतं शेकूनही भागत नाही, अंगातली साखर संपलेली असते आणि शेकता शेकता झटके येतात, अशा वेळी डॉक्टरांकडून ग्लुकोज द्यावं लागतं, आधी ग्लुकोज मग शेक. आपल्याला महूचं व्हेटर्नरी कॉलेज जवळ आहे हे फार मोठं सुख आहे, आणि १९६२ नंबरवर फोन केला की जनावरांची गाडीही येते. नाळेला पहिल्याच तासात टिंक्चर आयोडीन लावायचं, बुडवूनच लावायचं, नुसतं वरून पुसून नाही, नाहीतर तिथून जंतू शिरतात आणि आठ-पंधरा दिवसांनी गुडघे सुजलेलं कोकरू लंगडत फिरतं.

मग रोजचं दूध. मेंढीचं दूध फार दाट असतं, सात टक्क्यांच्या आसपास फॅट, गाईचं साधारण चार, आणि म्हशीचं सातच्या जवळ. त्यामुळे आमच्या म्हशीचं दूध फॅटच्या बाबतीत मेंढीच्या जवळ जातं आणि कोकरं त्यावर चांगली धरतात. शेळीचं त्यांना पचायला हलकं. तुमच्याकडे जे असेल ते द्या पण रोज बदलू नका, आज ग्वाल्याचं उद्या पाकिटाचं असं केलं की हगवण ठरलेली. बदलायचंच असेल तर चार-पाच दिवस घेऊन थोडं थोडं मिसळत बदला. आणि साखर, गूळ काही घालू नका, मायेने घालतात लोक, पण आपण खातो ती साखर पचवायची सोयच कोकराच्या आतड्यात नसते, ती तशीच पुढे जाते आणि ढाळ लागतात. दिवसाला वजनाच्या १५ ते २० टक्के दूध, पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा विभागून, मग चार, मग तीन. कोकरू ओरडतं म्हणून वाढवायचं नाही. पोटभर झालं तरी ते ओरडणारच, ते तुमच्यासाठी ओरडतंय, दुधासाठी नाही. पाजून झाल्यावर मागच्या बाजूने दोन्ही कुशी बघायच्या, सरळ दिसल्या तर बरोबर, फुगून बाहेर आल्या तर जास्त झालं, खड्डा दिसला तर कमी.

बाटली कुठलीही चालते, निपल महत्त्वाचं. बाळाच्या निपलचं भोक थोडं बारीक पडतं म्हणून लोक कात्रीने मोठं करतात आणि मग बाटली उलटी केली की धार लागते, ते चुकीचं. बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडलं पाहिजे आणि ओढल्यावरच धार यायला पाहिजे. कोकराला चारी पायांवर उभं करायचं, बाटली त्याच्या तोंडासमोर मेंढीच्या कासेच्या उंचीला धरायची, मान पुढे ताणलेली आणि जराशी वर. ह्यामागे कारण आहे. कोकराला चार पोटं, पण जन्मतः चौथंच खरं कामाचं असतं, आणि लुचताना मान अशी ताणली की अन्ननळीच्या तोंडाशी एक पन्हळ आपोआप मिटते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्यात जातं. मान दुमडून किंवा पाठीवर झोपवून पाजलं तर दूध छातीत जायची भीती, आणि मोठ्या पोटात गेलं तर तिथे सडतं, पोट फुगतं. इंदूरहून पाहुणे येतात, मुलं कोकराला बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन बाटली लावून फोटो काढतात, मी तिथल्या तिथे थांबवते, कुणाला राग आला तरी चालेल.

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, ह्यातलं निरीक्षण बघण्यासारखं आहे. पहाटेचं दूध त्या पाजतात, अंगणात पाट टाकून बसतात, एका हातात बाटली आणि दुसरा हात कोकराच्या शेपटीपाशी. दूध नीट उतरत असलं की कोकराची शेपटी भराभरा हलते, आणि आई शेपटीवरूनच सगळं सांगतात. मागच्या थंडीत एका सकाळी हाक मारली, "अगं, इकडे ये बघू, जिरावण पिते आहे पण शेपूट हलत नाहीये." जिरावण म्हणजे अंगभर तपकिरी ठिपके असलेली एक मादी, पोह्यावर जिरावण मसाला भुरभुरावा तशी दिसते म्हणून नाव. मी म्हटलं, "आई, पितेय ना पण, बाटली संपत आली." तर म्हणाल्या, "पोटाला लागत असतं तर शेपूट हललं असतं, तू ताप बघ." बघितला, १०५ च्या वर. डॉक्टर आले, छातीला कान लावला, सुरुवातीचा न्यूमोनिया निघाला, वेळेवर औषध मिळालं म्हणून वाचली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, बाटली किती संपली हे नंतर, आधी शेपूट. दुसरी खूण काकींनी दाखवली, झोपलेलं कोकरू उठवलं की ते आधी पाठ ताणून आळस देतं, तसा आळस दिला की समजायचं बरं आहे. पाठीला कुबड काढून चारी पाय एका जागी गोळा करून उभं राहिलं तर काहीतरी बिनसलंय, दुपारपर्यंत वाट बघू नका.

आता माझा खरा मुद्दा.

बाटलीवरचं कोकरू पंधरा दिवसांत तुमच्या मागे मागे फिरायला लागतं. स्वयंपाकघरात येतं, पायात घुटमळतं, रात्री कुडकुडतं म्हणून कुणीतरी आत घेतं, मग ते सोफ्याजवळ झोपतं, मुलं त्याला बिस्किट देतात, मोबाईलवर व्हिडिओ जातात, सगळ्यांना वाटतं किती छान चाललंय. आणि ते दोन महिन्यांचं होतं तेव्हा त्याला मेंढ्यांमध्ये सोडलं की ते दाराशी येऊन ओरडत उभं राहतं, मेंढ्या चरायला पुढे गेल्या तरी जात नाही, गवत तोंडाला लावत नाही, पोट मोठं आणि पाठीचं हाड वर आलेलं. अशी कोकरं मी दुसऱ्यांच्या घरी बघितली आहेत आणि त्यांच्याकडे बघवत नाही. त्यांना खायला शिकवणारं कोणी नव्हतं एवढंच झालेलं असतं.

कारण रवंथ करायचं ते मोठं पोट दुधाने वाढत नाही, ते वाढतं कोरडं खाल्ल्याने. कोकरू दुसऱ्या आठवड्यापासून तोंडात काडी घेऊन चघळायला लागतं, खातं म्हणण्यासारखं नाही, पण त्या चघळण्यानेच पोटात ते बारीक जीव वस्तीला येतात ज्यांच्यावर पुढे सगळं आयुष्य चालायचंय. आणि काडी तोंडात घ्यायची हे कोकरू बघून शिकतं, शेजारची मेंढी खाते म्हणून. एकट्या कोकरासमोर तुम्ही लसूणघासाचा भारा ठेवा, ते त्याच्यावर झोपेल. म्हणून आमच्याकडे कोकरू कधीच एकटं ठेवत नाही. एकच आलं तर शेळीच्या करडाबरोबर, आणि पहिला आठवडा निभावला की गोठ्यातच, मेंढ्यांच्या शेजारी जाळीचा एक कोपरा केलाय तिथे. जाळीतून त्यांना मेंढ्या दिसतात, वास येतो, रवंथाचा आवाज ऐकू येतो, आणि मेंढ्या आत येऊन त्यांना मारू शकत नाहीत. परक्या कोकराला मेंढी ढुशी देते, जोरात देते, ते होणारच. जाळीच्या खालून कोकरू बाहेर जाईल पण मेंढी आत येणार नाही एवढी फट ठेवली की ते आपलं आपण धाडस करत जातं आणि मार पडला की आत पळून येतं. असं करत करत शिकतं. जाळी वरूनही बंद लागते, आमच्या बाजूला चोरलच्या जंगलाकडून बिबट्या येतो, आणि मोकाट कुत्र्यांचा त्रास तर त्याहून जास्त.

त्या कोपऱ्यात रोज ताजा, मऊ, सुकवलेला लसूणघास किंवा बरसीम, मुठभर मका-हरभऱ्याचा भरडा, आणि स्वच्छ पाणी. दूध पिणाऱ्याला पाणी कशाला असं वाटतं, पण पाण्याशिवाय ते मोठं पोट तयारच होत नाही. भरडा वाढवायचा तो चमच्याचमच्याने, एकदम वाडगाभर खाल्लं तर पोटात आंबतं आणि एका रात्रीत जनावर जातं. आणि मिनरल मिक्श्चर, ह्याबद्दल जरा जोरात सांगते, गाईचं मेंढीला देऊ नका. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं, बाकी जनावरांना जेवढं चालतं तेवढं तिला विष होतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, डोळे पिवळे, लघवी गडद लाल. एका दुकानात मला "सब चलता है बेनजी, भेड़ हो या भैंस" असं म्हणून डबा हातात दिला होता, मी मागची अक्षरं वाचली आणि परत ठेवला. फक्त मेंढीचं असं लिहिलेलं नसेल तर घेऊच नका, डॉक्टरांना विचारा.

दूध कमी करायला लागायचं ते कॅलेंडर बघून नाही. कोकरू दुपारी सावलीत बसून रवंथ करताना दिसतंय का, ते बघायचं. गालाची तशी संथ हालचाल, गिळलं, थोडं थांबलं, परत वर आलं, परत चघळलं. ते पहिल्यांदा दिसलं की मला फार बरं वाटतं. साधारण सहा आठवड्यांनंतर एक एक वेळ कमी करत जाते, आधी दुपारची, मग सकाळची, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. काही कोकरांना दोन महिने लागतात, काहींना अडीच, अशक्त आलेल्यांना तीन. एका झटक्यात कुणाचंच तोडत नाही. ह्याच काळात विष्ठेकडे लक्ष ठेवायचं, रक्ताची हगवण लागली तर ती बहुतेक कॉक्सिडिया ह्या आतड्यातल्या परजीवींची, कोरडी जागा आणि वेळेवर औषध हाच इलाज. तीन महिन्यांचं झालं की पीपीआर ह्या साथीच्या रोगाची लस, आणि आंत्रविषाराची पण, ती तर बूस्टरसकट, कारण भरडा खाऊन गुबगुबीत झालेलं, सगळ्यात तब्येतीचं कोकरूच आंत्रविषाराने सकाळी मेलेलं सापडतं.

आणि हे सगळं करताना हात आवरायचा. मला ह्याचा त्रास होतो, होतोच, ते इतकं जवळ येतं, मऊ नाक हातात खुपसतं. पण पाजायच्या वेळी पाजायचं, तपासायचं, आणि निघून यायचं. घरात आणायचं नाही. कडेवर घेऊन फिरायचं नाही. जिरावण आता मेंढ्यांमध्ये आहे, मी हाक मारली तर मान वर करून बघते आणि परत चरायला लागते, आणि मला तेच हवं होतं.

नरांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बाटलीवरचा नर माणसाला घाबरत नाही, आणि लहानपणी त्याचं कपाळ खाजवलं, हाताने ढकलून टक्करीचा खेळ खेळला की त्याला तोच खेळ पुढे ४० किलोचा झाल्यावर खेळायचा असतो. मागून येऊन गुडघ्यात टक्कर देतो. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडेल इतकी. मारका झाला म्हणतात, पण मारका माणसांनीच केलेला असतो, आणि शेवटी त्याची शिक्षा त्याला. आमच्याकडे नराच्या कपाळाला हात लावायचा नाही, अगदी पाहुण्यांनीसुद्धा, हनुवटीखाली खाजवा हवं तर. पैदाशीला ठेवायचा नसेल तर डॉक्टरांकडून लवकर खच्ची करून घेते.

पुढे ह्यांचं काय होतं हेही विचारतात, आणि बऱ्याचदा अशा सुरात की उत्तर ऐकायचं नसतं. माद्या आमच्याकडे राहतात किंवा गावात ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांना देतो. नर बहुतेक परत एवडात जातात, रेबारी उन्हाळ्याच्या शेवटी परत फिरतात तेव्हा. काही विकले जातात, आणि विकलेला नर शेवटी कुठे जातो हे मला माहीत आहे. आमच्या घरात मटण खातात, मी ते लपवत नाही. पण ज्याचं आयुष्य लहान असणार आहे त्याचे जे काही महिने असतील ते त्याला मेंढरासारखे मिळावेत, कळपात, पोटभर चारा, न घाबरता, असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठीच हे सगळं आवरणं-सावरणं आहे.

गेल्या उन्हाळ्यात नंबरदार, म्हणजे त्या डेऱ्याचा मुख्य, परत जाताना आमच्याकडे थांबला. नर बघायला गोठ्यात आला. मी वाट बघत होते की तो वजन बघेल, दात बघेल, पण तो काही न बोलता दाराशी उभा राहिला आणि तोंडाने त्यांची ती हाक दिली, घशातून काढतात ती. आमच्या मेंढ्यांनी माना वर केल्या, आणि बाटलीवरचे दोन्ही नर माझ्याकडे न बघता मेंढ्यांच्या घोळक्यात मधे जाऊन उभे राहिले. तो म्हणाला, "ये चल लेंगे." एवडाबरोबर चालतील, मागे राहणार नाहीत, एवढंच त्याला बघायचं होतं. नंतर चहा पिताना त्याने आईंना विचारलं की ह्यांना पहिलं दूध कशाचं दिलं होतं, आईंनी म्हशीचा चीक सांगितला, मग दोघांचं बराच वेळ म्हशीच्या आणि मेंढीच्या दुधावर बोलणं चाललं, अर्धं मराठी अर्धं मारवाडी, मी मधे फक्त चहा ओतत होते.

ह्या वर्षीचे एवड यायला लागलेत. काकींनी जाळी धुऊन उन्हात वाळवून ठेवलीय, निपल नवीन आणलेत, टिंक्चरची बाटली भरली आहे. फ्रीजरमध्ये सध्या एका म्हशीचा आणि दोन गाईंचा चीक आहे, तारखा टाकून ठेवलाय. राऊपासून चोरलपर्यंत कुणाकडे नुकतं जन्मलेलं कोकरू आलं आणि चीक नसेल तर माणूस पाठवा, रात्री-अपरात्री पाठवलात तरी चालेल, फक्त त्याला आधी कोरडं करा आणि सकाळपर्यंत थांबू नका.